साडेचारची सोबत

रंगवून सांगणं मला जमत नाही. पाणी शुद्ध करायची मशीन विकणाऱ्या कंपनीत आहे मी. दिवसभर कानाला हेडफोन लावून लोकांना "आपली तक्रार नोंदवून घेतली आहे" असं सांगते. म्हणून घडलं ते तक्रार नोंदवावी तसंच सांगते. आमच्याच घरात घडलं, तिसऱ्या मजल्यावर. लॉकडाऊनचा तेविसावा दिवस होता.

रात्र-बित्र काही नव्हती. दुपारचे साडेचार. लख्ख ऊन होतं.

घरात आम्ही दोघंच, मी आणि बाबा. बाबांची बायपास होऊन तीन महिने झाले होते. डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या होत्या. रोज चाळीस मिनिटं चालायचं, आणि मनाला धक्का बसेल असं काही त्यांच्या कानावर घालायचं नाही.

चालायला सोबत होती घड्याळवाल्या काकांची. हे बाबांचे मित्र. घड्याळं दुरुस्त करायचे, म्हणून आमच्या घरात त्यांचं नावच ते पडलं. अकरा वर्षं दोघं जोडीनं बागेत चालायचे. बरोब्बर साडेचारला काका दारात हजर. बाबांना बूट घालायला उशीर झाला, तर ते हाक मारायचे नाहीत. मनगटावरच्या घड्याळाच्या काचेवर नखानं वाजवायचे. टिक, टिक, टिक. तेवढं ऐकलं की बाबांची लगबग सुरू.

काका डावा पाय जरा ओढायचे. आधी टप्... मग घस्स. जिन्यात ते कितव्या पायरीवर आहेत ते मला आवाजावरून कळायचं.

मग बाग बंद झाली. माझं ऑफिस स्वयंपाकघरातल्या टेबलावर आलं. कुकरची शिट्टी झाली की कॉलवरचा माणूस विचारायचा, "मॅडम, तुम्ही ऑफिसातच आहात ना?" बाबा दिवसभर खिडकीशी बसून रिकामा रस्ता बघायचे. घरात चाला म्हटलं की म्हणायचे, "आणि गप्पा कुणाशी मारू, भिंतीशी?" मी चिडायचे, ते चिडायचे. दोन खोल्यांत दोन माणसं, रुसून जायलाही जागा नाही.

अठराव्या दिवशी काकांच्या मुलाचा फोन आला.

काका गेले.

पाच दिवस दवाखान्यात होते. शेवटी कुणाला भेटूही दिलं नाही. मुलगा म्हणाला, "ताई, तुझ्या बाबांना तूच सांग. मला नाही जमायचं."

"सांगते," म्हटलं.

नाही सांगितलं.

बाबा खिडकीशी बसून विचारत होते, "कुणाचा फोन ग?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "काका जरा आजारी आहेत, पण सुधारतायत. दवाखान्यात फोन वापरू देत नाहीत." बाबांचा चेहरा एवढासा झाला. तो बघवेना, म्हणून मी पुढचं जोडलं. लोकांना खोटा धीर द्यायची सवयच लागलेली असते आम्हाला. "तुमच्यासाठी निरोप आहे. त्याला म्हणावं, घरातच चाल. साडेचार चुकवू नकोस. मी येतोच."

मी येतोच... हे शब्द काकांचे नव्हते. माझे होते. गेलेल्या माणसाच्या तोंडी मी ते घातले.

दुसऱ्या दिवशी साडेचारला बाबांनी बूट चढवले. बाहेरच्या दारापासून आतल्या खोलीपर्यंतचा पॅसेज, चौदा पावलं. जायचं आणि यायचं. मला इतकं बरं वाटलं. म्हटलं, खोटं बोलले खरी, पण गाडं रुळावर आलं.

तेविसाव्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या वहिनींचा फोन आला.

"राग मानू नका हं ताई. बाबांचं चालणं ठीक आहे. पण ह्या दिवसांत बाहेरचं माणूस घरात घ्यायचं म्हणजे..."

"बाहेरचं कोण? आम्ही दोघंच आहोत, वहिनी. मी तर टेबलाशी बसलेय."

"मग दोघं कोण चालतायत? एक जण पाय ओढतोय."

मी हेडफोन गळ्यात ओढला आणि कान दिला.

बाबांच्या बुटांचा आवाज. टप्, टप्, टप्.

आणि त्याच्या जोडीनं... टप्... घस्स.

मी उठून पॅसेजपर्यंत गेले. बाबा एकटेच होते. पण उजव्या भिंतीला खेटून चालत होते. डाव्या बाजूला एका माणसापुरती जागा मोकळी सोडून. मध्येच थांबत होते, ऐकत होते, हसत होते. मला बघून म्हणाले, "कुकर बंद केलास का?"

म्हातारा माणूस, एकटा पडलाय, बोलत असेल स्वतःशी. मी मनाला बजावलं. पण तो पाय मी माझ्या कानांनी ऐकला होता. दुसऱ्या दिवशी बाबांची अंघोळ लांबली. साडेचार वाजले तेव्हा ते बाथरूममध्ये अंगावर पाणी घेत होते, मला स्पष्ट ऐकू येत होतं.

आणि पॅसेजमध्ये, दाराच्या आतल्या बाजूला...

टिक. टिक. टिक.

"आलो रे, आलो," बाबा आतून म्हणाले.

त्या आठवड्यात मी टेबल फिरवून घेतलं, पॅसेजकडे पाठ करून बसवेना. एकाच माणसाची तक्रार तीनदा नोंदवली. साहेबांची बोलणी खाल्ली. शेवटी एका सकाळी गोळ्यांची डबी हातात घेऊन बाबांसमोर बसले.

"बाबा, काका गेले. मी तुमच्यापासून लपवलं."

बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. "माहीत आहे."

"कधीपासून?"

"तो आला त्याच दिवसापासून. तीन मजले चढून आला आणि दम लागला नव्हता त्याला."

"भीती नाही वाटली?"

"त्याची कसली भीती? तुझं वाईट वाटत होतं. एवढं पोटात ठेवून घरभर फिरत होतीस."

मला रडू फुटलं. किती दिवसांचं साठलं होतं. मग म्हटलं, "त्यांना जायला सांगा, बाबा."

"मी कसं सांगू? निरोप तू दिलास. तो शब्द पाळायला आलाय."

त्या दुपारी मीच पॅसेजमध्ये उभी राहिले. साडेचार झाले. समोर कोणी दिसत नव्हतं, पण कोणीतरी माझ्या बोलण्याची वाट बघत होतं, एवढं नक्की.

"काका, चुकलं माझं. तुम्ही जा."

मग... टप्... घस्स. दारापर्यंत. दार उघडलं नाही. जिन्यात आवाज झाला नाही.

सुटले, असं वाटलं मला. पण बाबांनी बूट काढून ठेवले ते ठेवलेच. खिडकीशीही बसेनात. जेवण दोन घासांवर आलं. मी सोबत चालून बघितलं. दुसऱ्याच फेरीत म्हणाले, "राहू दे. तुझी चाल नाही जमत माझ्याशी." नवव्या दिवशी पाय सुजले. डॉक्टरांनी मोबाईलवरच ते पाय बघितले आणि म्हणाले, "चालले नाहीत तर ऍडमिट करावं लागेल. आणि सध्या इथे आणूच नका."

इथे म्हणजे काका जिथून परत आले नाहीत, तिथे.

मी काय करायला हवं होतं, तुम्हीच सांगा.

साडेचारला मी पॅसेजमध्ये गेले.

"काका... या. बाबांना चालवा."

टिक. टिक. टिक.

आतल्या खोलीत पलंग करकरला. "आलो रे," बाबा म्हणाले. नऊ दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या आवाजात जीव होता.

सूज उतरली. लॉकडाऊन उठला. बाग उघडली, पण बाबा कधी बागेत गेले नाहीत. मी चपलांचं कपाट पॅसेजमधून आतल्या खोलीत हलवलं, वाटेत यायला नको म्हणून. माणसाला कशाचीही सवय होते. वहिनी आता फोन करत नाहीत. जिन्यात भेटल्या की माझी नजर चुकवतात.

हे सगळं आत्ताच का सांगतेय, तर सोमवारपासून बाबांना ताप आहे. उठवत नाही त्यांना. सोमवारी साडेचारला पाय ओढत कोणीतरी त्यांच्या खोलीच्या दाराशी आलं. टिक, टिक, टिक. मी म्हटलं, "काका, आज नको. ते उठू शकत नाहीत." आवाज मागे गेला.

काल नाही गेला. बराच वेळ वाजत राहिला. आत बाबा तापात पलंगाखाली हात घालून चाचपडत होते. रात्री मी त्यांचे बूट माळ्यावर टाकले.

मी त्यांना 'या' म्हटलं होतं. कधीपर्यंत, ते सांगितलं नाही. 'जा' म्हणायला तोंड उघडते, आणि ते सुजलेले पाय डोळ्यांसमोर येतात.

आता सव्वाचार झालेत. बाबांच्या दारात आडवी खुर्ची टाकून बसलेय, मोबाईलवर हे लिहितेय.

आत्ताच बाबांनी आतून विचारलं, अगदी खणखणीत आवाजात...

"माझे बूट कुठे ठेवलेस ग?"