रिकामी न करता आलेली बशी

ही गोष्ट खोटी निघाली, तर माझ्या उरलेल्या सगळ्या ईदा उपाशी जावोत.

१९७१ चा रमजान. केपटाऊन. माझ्या रुगाया आत्याच्या घरी घडलेलं.

सरकारने कायदा केला आणि क्लेअरमाँटमधली आमची गल्ली एका फटक्यात गोऱ्यांची झाली. आम्हाला उचलून हॅनोव्हर पार्कच्या वाळूत नेऊन टाकलं. आमचं घर मातीमोल भावात घेतलं डी विट नावाच्या गोऱ्याने.

दादी नव्या फ्लॅटच्या खिडकीशी बसली, ती तिथंच गेली.

शेवटचं बोलली, "माझं घर मला परत हवंय."

रमजानात रोजा सुटायच्या आधी शेजारी खाऊची बशी पाठवायची आणि आलेली बशी कधीच रिकामी परत करायची नाही, ही आमची रीत.

त्या संध्याकाळी आत्याने सवयीने एक बशी जास्त भरली. जुन्या गल्लीच्या हिशोबाने.

"आता ही कुणाला देऊ?" म्हणत तिने ती खिडकीत ठेवली.

अजान झाली.

बशी... नव्हती.

दुसऱ्या दिवशी परत आली. वर दादीचा विणलेला रुमाल. खाली...

जुन्या घराच्या दाराची पितळी मूठ.

"मांजराने आणली असेल," आत्याचा नवरा मोगामत म्हणाला.

"तुझं मांजर स्क्रू काढतं?"

आत्या रोज भजी भरत राहिली. नळ आला. बिजागऱ्या आल्या. एकदा अख्खी खिडकी आली. बशीत मावण्यासारखी नव्हती. मावली.

मग डी विट आला. दाढी वाढलेली, टोपी हातात.

"बाई, रोज संध्याकाळी कुणीतरी दार वाजवतं. उघडायला जावं, तर उंबऱ्यावर तुमच्या भज्यांची बशी, आणि... दारच नसतं."

"अगंबाई! पोलिसांत जा की."

"गेलो. म्हणाले, त्या गल्लीत आता हटवलेल्यांपैकी कुणी राहतच नाही, तर तक्रार कुणावर घ्यायची?"

"कायदा आहे बाबा. पाळायला नको?"

"हात जोडतो. बशी पाठवू नका."

"मी फक्त भरून देते. परत काय पाठवायचं, ते माझ्या आईने ठरवायचं."

त्या संध्याकाळी आत्याने भजी जरा जास्तच तिखट केली.

डी विट नंतर कुणाला दिसला नाही. घराच्या जागी आता नुसता चौथरा आहे.

बशी मात्र परत आली. जड.

अजून आत्याच्या कपाटावर आहे, रुमालासकट. रुमाल मधूनच वर येतो... खाली जातो.

रीतीप्रमाणे ती भरून परत पाठवायला हवी.

पण त्यासाठी आधी ती रिकामी करावी लागेल...