टोपीखालचा पेद्रो

कच्ची केळी सोलायच्या आधी त्याने तळहातांना तेल चोळलं... आणि शहनाझच्या हातातलं संत्रं हातातच राहिलं.

हे याला कोणी शिकवलं?

दोन हजार एक साल. दुबईच्या ऊद मेथातल्या त्या क्युबन हॉटेलात शिरलं की डाव्या हाताला ताज्या रसाची दुकानं होती. शेवटचं शहनाझच्या अब्बांचं. समोरच उघडं स्वयंपाकघर आणि तिथे पेद्रो – डोक्यावर गवती टोपी, तोंडात "ओला, सेन्योरिता" एवढेच शब्द. हवानाहून खास आणलेला कुक, असं मालक जॉर्जसाहेब छाती फुगवून सांगायचे.

पण चीक चिकटू नये म्हणून हाताला तेल लावणारी माणसं शहनाझने रत्नागिरीला, आजोळी पाहिली होती.

"खाला, हा मेला क्युबाचा नाही," ती कुजबुजली.

"मग काय चिपळूणचा?" दुकानात मदतीला असलेली बदरुन्निसा खाला उसाच्या रसात लिंबू पिळत हसली. "काल तर म्हणत होतीस, काय डोळे आहेत... असा नवरा मिळाला तर क्युबालापण जाईन!"

शहनाझला घाम फुटला. काल कशाला, ती रोजच बोलायची. मोठ्याने, मराठीत, त्याच्यापासून चार हातांवर उभी राहून. त्याला कुठे कळतंय!

आणि कळत असेल तर? या अल्ला! शुक्रवारी अब्बांना उत्तर द्यायचं होतं. अल नहदाचा इंजिनिअर, घरचे चांगले, नाव ठेवायला जागा नाही. तरी 'हो' ओठांवर येत नव्हतं, ते या टोपीवाल्यापायी. लबाड माणसासाठी कोणी चांगलं स्थळ मोडतं का?

त्या दिवसापासून ती पाळतीवरच राहिली. त्याच्या हातचा काळा घेवडा मागवला. पहिल्याच घासाला भाजलेल्या खोबऱ्याचं वाटप! तिने वर पाहिलं. तो बघतच होता, झटकन पाठ फिरवली.

"व्हेरी क्युबन," ती म्हणाली.

"सी... सी, सेन्योरिता."

कान लालबुंद झाले होते मेल्याचे.

गुरुवारी दुपारी हॉटेल गच्च भरलं होतं. डाळिंब सोलता सोलता शहनाझ मुद्दाम खणखणीत आवाजात म्हणाली, "खाला, ठरलं गं. उद्या अब्बांना हो सांगतेय."

खाला आ वासून बघत राहिली. आणि पलीकडून करपल्याचा वास आला. केळी कढईत काळी पडत होती, पेद्रो झारा धरून नुसता उभा.

"म्हणजे कळतं तर!" शहनाझ तरातरा त्याच्या कट्ट्याशी गेली. "चार महिने माझी गंमत बघत होतास?"

त्याने मालकाकडे चोरून पाहिलं. मग हळूच म्हणाला, "यूनुस. श्रीवर्धनचा. बोटीवर एका क्युबन आचाऱ्याच्या हाताखाली शिकलो. साहेबांची अट आहे – गिऱ्हाइकांसमोर आपल्या भाषेत तोंड उघडलं की नोकरी खलास."

"मी गिऱ्हाईक होते?"

"तुला सांगितलं असतं तर... तू बोलायची थांबली असतीस."

तिचं काळीज धडधडलं. पण राग काही जाईना. "नोकरीसाठी तोंड शिवून बसणाऱ्यावर मी भरवसा कसा ठेवू?" ती म्हणाली आणि पाठ फिरवून निघाली.

दोन पावलं गेली असेल-नसेल...

"शहनाझ!" टोपी काढून कट्ट्यावर आपटत तो ओरडला. "नाही सांग! उद्या मी येतो अब्बांना भेटायला!"

अख्खं हॉटेल वळून बघू लागलं. जॉर्जसाहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. खिडकीजवळच्या गोऱ्या मॅडमने कुतूहलाने विचारलं, "ही कुठली भाषा?"

यूनुसने डोळे मिटून घेतले.

शहनाझ परत फिरली. कट्ट्यावरची टोपी उचलून तिने ती नीट त्याच्या डोक्यावर ठेवली.

"क्युबन आहे, मॅडम," ती म्हणाली. "मला आत्ता कुठे कळायला लागलीय."