राखलेली खुर्ची

त्या खुर्चीवर नको बसूस, इथे माझ्या खुर्चीशेजारी पलंगावर बस. दिवाही लावू नकोस. तुझी आई म्हणाली असेल, मावशी हल्ली एकटीच बोलत बसते. तसं नाही गं. ऐक.

उन्हाळा सरताना मोठ्या बागेत सिम्फनीचा, म्हणजे मोठ्या वाद्यवृंदाचा, कार्यक्रम असतो. हिरवळीवर ज्याने त्याने आपली घडीची खुर्ची न्यायची. आम्ही दर वर्षी जायचो, म्हणजे मी जायचे आणि तुझे काका मागाहून उगवायचे. पहिल्या भागात व्हायोलिन, चेलो, जुनं पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत, ते माझं. मध्यंतरानंतर ड्रम, गिटार आणि सगळ्यांना पाठ असलेली गाणी, ते यांचं. माझ्या भागाला हे रडगाणं म्हणायचे आणि दुकान बंद करून नेमके मध्यंतरानंतर यायचे. पाट्या रंगवणारा माणूस. आधी टर्पेंटाइनचा वास यायचा, मग हे. खुर्ची राखलेली असली तरी आधी माझ्यामागे उभे राहायचे आणि माझ्या खुर्चीच्या पाठीच्या दांडीवर बोटांनी ठेका धरायचे. तोही कायम जरासा मागे पडलेला. मी "बसा आता" म्हटलं की मगच बसायचे. माझा शब्द या माणसाने कधी खाली पडू दिला नाही. एकदा मी रागात म्हटलं, आज जेवण मिळणार नाही, तर हे खरंच पाणी पिऊन झोपले. हसावं की रडावं, मला कळेना.

हे गेल्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मी सवयीने दोन्ही खुर्च्या उचलल्या. बागेत पोचल्यावर लक्षात आलं आणि माझी मलाच लाज वाटली. तरी दुसरी उघडून शेजारी मांडली.

त्या वर्षी मध्यंतर नव्हतंच. दोन्ही तऱ्हा एकत्र गुंफल्या होत्या. वादक सूर जुळवत होते, तेवढ्यात काठी टेकत एक बाई आल्या. त्यांचा गुडघा सुजलेला होता. इथे कोणी येणार आहे का, असं त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "कोणी येणार नाही."

खरं तेच होतं ना? त्या बसल्या.

हळूहळू काळोख पडला. व्हायोलिनची एक सावकाश सुरावट चालली होती. तिच्या आतूनच ड्रमचा ठेका उमटला आणि बघता बघता तेच सूर यांच्या आवडत्या गाण्यात शिरले. माझं कुठे संपलं आणि यांचं कुठे सुरू झालं, कळलंच नाही. वारा पडला होता, झाडाचं पान हलत नव्हतं. आणि वास आला... टर्पेंटाइनचा.

मी ताठ झाले. मग दांडीवर बोटं वाजायला लागली. अगदी हलकी... जराशी मागे पडलेली. पाठीला जाणवत होतं मला. वळायचं होतं गं. पण वळले आणि कोणी नसलं तर? त्या भीतीने मी गाणं संपेपर्यंत समोरच बघत राहिले. टाळ्या सुरू झाल्या तेव्हा वळले. मागे नुसती हिरवळ होती.

शेजारच्या बाई काठी सावरत उठल्या. खाली वाकून हळूच म्हणाल्या, "तुमच्यामागे ते गृहस्थ केव्हाचे उभे होते. मलाच अवघडल्यासारखं झालं. खुर्ची देऊ केली मी त्यांना..."

"मग?"

"नको म्हणाले. म्हणाले, बसा तुम्ही... कोणी येणार नाही, असं तीच म्हणालीये."

तेव्हापासून ही खुर्ची मी घरातही उघडी ठेवते. बागेत नेते, पण कुणाला देत नाही. लोक नावं ठेवतात. रोज दिवेलागणीला यांना म्हणते, चुकलं माझं, बसा आता. पण खुर्चीचं कापड कधी दबलेलं दिसत नाही. मी दुसरं काही बोलले असते तरी चाललं असतं. तेवढंच वाक्य माझ्या तोंडून निघायला नको होतं.

आता बोलू नकोस. हात इकडे आण... मी बसलेय ना, त्या खुर्चीच्या दांडीवर ठेव. ठेका लागतोय हाताला? घरात गाणं तर कुठेच लागलेलं नाही... आणि हे अजून उभेच आहेत.