बांधाखालचं कोनफळ

मी मातीत कोपरापर्यंत हात घालून कोनफळाचा बुडखा चाचपत होते, आणि आतून कुणीतरी माझं बोट धरलं.

"आगे माय!" मी अशी किंचाळले की फणसावरची माकडं पळाली. हात ओढून मागं बसले, तर बांधाच्या पलीकडून एक डोकं वर आलं. केसांत माती, नाकावर माती.

"उंदीर न्हवं तर," तो म्हणाला.

"उंदीर कुणाला म्हणतोस रे?"

"नख लागलं बघ की. उंदरासारखंच हाय."

हा सुदेश. शेजारच्या इनासमामांचा भाचा, खानापूरकडचा. मामांचा पाय मोडला म्हणून जूनमध्ये त्यांचं शेत बघायला आला तो इथंच राहिला. नंदिगड्ड्यात आमची ख्रिस्ती घरं मोजकी. त्यामुळे रविवारी चर्चमध्ये मिस्साला शेवटच्या बाकावर बसणारा हा नवा माणूस मला दिसलाच नव्हता असं म्हटलं तर ती थाप होईल. दिसला होता. चांगला सात महिने दिसत होता... पण बोलणं म्हणून झालं नव्हतं.

आणि आता पहिलंच बोलणं सुरू झालं ते भांडणानं. ते कोनफळ मी लावलेलं, मेमध्ये, आमच्या बाजूला बांधाच्या बुडाशी. पण वेल गेली पलीकडे, त्यांच्या फणसावर चढली, आणि खाली कंदही बांधाखालून तिरका तिकडेच वाढला.

"लावलं मी," मी म्हटलं.

"राखलं मी. रानडुकरं तीनदा आली. काटे कुणी घातले? पत्र्याचा डबा कुणी बडवला?"

"तो डबा ऐकलाय मी. गावाला झोपू दिलं न्हाईस."

"मग बोल की, कुणाचं हे?"

आता आली का पंचाईत! न्यायानं बघितलं तर अर्धं-अर्धं. पण मला ते जोयड्याच्या कंदमेळ्यात आख्खं न्यायचं होतं. ज्याचं कोनफळ पहिलं येईल त्याला शिरसीला दहा दिवसांचं बियाण्याचं शिक्षण, आणि मग तालुक्याचं बियाणं सांभाळायचं काम. बारावीनंतर चार वर्षं मी घरात बसून होते. मला ते काम हवं होतं, अगदी मनापासून हवं होतं. हे सगळं मी त्याला एका दमात सांगून टाकलं.

त्यानं नाकावरची माती पुसली, म्हणजे आणखी पसरवली. "ने मग. आख्खं ने."

"फुकट?"

"फुकट न्हाई. मिस्सा झाल्यावर थांबायचं. बोलायचं. लगेच पळायचं न्हाई."

"मी कुठं पळते?"

"पळतेस. शेवटच्या बाकावरनं सगळं दिसतं."

मी मान खाली घालून पहार उचलली. दोघांनी दोन्हीकडून खणलं. दोन तासांनी कोनफळ बाहेर आलं, करडाएवढं, एक शेंडा न मोडता. खरं सांगते, त्या दोन तासांत मला पहारीचं वजन कळलंच नाही.

मेळ्याच्या दिवशी त्यानंच ते गवतात गुंडाळून मोटरसायकलला बांधून आणलं. मी बसनं गेले. टेबलावर अर्ज होता. अट एवढीच की स्वतः लावलेलं, स्वतः राखलेलं पाहिजे. जोडीनं पिकवलं असेल तर दोन नावं लिहायची, दुसऱ्या नावाला खाली ओळ मोकळी होती.

मी माझं नाव लिहिलं. दुसऱ्या ओळीवर पेन टेकवलं... आणि मागून शांताअक्काचा श्वास मानेला लागला. आमच्या गावची शांताअक्का! तिला एक कळलं की गावाला कळलं. पोरीच्या नावाखाली पोराचं नाव दिसलं असतं तर ती संध्याकाळपर्यंत आमचं लग्न लावून मोकळी झाली असती. आमच्यात लग्न ठरलं की चर्चमध्ये तीन रविवार दोघांची नावं वाचतात. कुणाची हरकत असेल तर सांगा, म्हणून. इथं तर विचारायच्या आधीच वाचून झाली असती.

मी ओळ मोकळी सोडली.

पहिला नंबर आला. मेळा भरवणाऱ्या सुमंगला मॅडमनी माईक माझ्यापुढं धरला. "एवढं मोठं कोनफळ! राखलं कुणी गं? रानडुकरं न्हाई आली?"

"आली की. मीच राखलं."

टाळ्या पडल्या. कडेला सुदेश उभा होता. त्यानं दोन टाळ्या वाजवल्या, हात खाली घेतले आणि निघून गेला.

रविवारी फादरांनी वेदीवरून माझं कौतुक केलं. "आपल्या सोनियानं गावाचं नाव काढलं." पप्पांनी कधी नव्हे ते मागं वळून बघितलं, हसले. मला मात्र बाकाखाली शिरावंसं वाटलं. मिस्सा झाल्यावर मी थांबले. तो थांबला नाही.

दोन दिवस मी बांधावर उगाच चकरा मारल्या. तिसऱ्या दिवशी तो फणसाखाली वाळके काटे गोळा करताना सापडला.

"रागावलास?"

"न्हाई."

"मग बोलत का न्हाईस?"

"बक्षीस मी मागितलं नव्हतं, सोनिया. ते तुलाच दिलं हुतं. पण तुझ्या नावाखाली माझं नाव लिहायची एवढी लाज वाटली व्हय गं?"

लाज वाटली होती, पण त्याची नव्हे. मलाच माझी वाटली होती... पेन टेकवल्याबरोबर कान तापले होते त्याची. आता हे कसं सांगायचं? तोवर तो काटे उचलून गेला.

शनिवारी मी कुमसाराला गेले. पडद्याआड फादर, अलीकडे मी गुडघ्यांवर. पाप कबूल केलं. दुसऱ्यानं राखलेलं माझं म्हणाले, माईकवर म्हणाले, टाळ्याही घेतल्या.

फादर म्हणाले, "देव माफ करतो, पोरी. त्याला वेळ लागत न्हाई. पण मेळ्याच्या फळ्यावर तुझं एकटीचं नाव अजून तसंच हाय न्हवं? ते काय देवानं जोयड्याला येऊन पुसायचं?"

सोमवारी मी जोयड्याची पहिली बस धरली. सुमंगला मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"खुळी हायस का गं? दोन नावं लिहिली असतीस तर पहिला नंबर तुमचाच हुता. दोघंबी गेला असता शिरसीला."

"आता?"

"आता न्हाई चालायचं. अर्ज खोटा ठरला. दिग्गीची केशर दुसरी आलीय. ती जाईल."

केशरनं डोंगर उतरून सात मैल कंद डोक्यावर आणला होता. तिच्यावर अन्याय झाला होता तोही माझ्याचमुळे, आणि हे माझ्या ध्यानात तेव्हा पहिल्यांदा आलं. मी फळ्यावरचं माझं नाव माझ्याच हातानं पुसलं. मग मॅडमना म्हटलं, "कोनफळाचे तुकडे बियाण्यासाठी गावोगाव जाणार हायत न्हवं? त्या पिशव्यांवरच्या चिठ्ठ्या तेवढ्या मला लिहू द्या."

पंधरा चिठ्ठ्या मी बसून लिहिल्या. 'लावलं सोनियानं, राखलं सुदेशनं. नंदिगड्डे.' पंधराही वेळा कान तापले. पण एकही ओळ मोकळी सोडली नाही.

परतीच्या बसमध्ये मी रडले. भरपूर रडले. काम गेलं होतं, आणि ते मला खरंच हवं होतं.

उळवीला जाणारी पिशवी शांताअक्काच्या भावाकडं होती. म्हणजे पुढचं सांगायला नकोच. दुसऱ्या दिवशी सकाळी सुदेश बांधावर हजर.

"पंधरा गावांत नाव लावलंस म्हणं माझं."

"जे खरं ते लिवलं."

"लोक बोलत्यात."

"बोलू देत की!" मी म्हटलं, आणि मलाच नवल वाटलं, कारण ते मी मनापासून म्हटलं होतं. "लाज तुझी न्हवती वाटली, सुदेश. तू... तू आवडतोस, म्हणून हात थांबला. एवढंच."

तो खाली बघायला लागला. पायाच्या अंगठ्यानं ढेकूळ फोडलं. "मग मलाबी एक कबूल करायचं हाय."

"काय?"

"वेल आपसूक न्हाई आली फणसावर. जूनमध्ये मीच काठी लावून ओढून घेतली."

"कशाला?"

"तू भांडायला येशील म्हणून."

"अरे देवा..."

"सात महिने वाट बघितली. मग त्या दिवशी तू पहार घेऊन येताना दिसलीस, आणि मीबी पलीकडनं खणायला बसलो. बोट कुणाचं ते मला ठाऊक हुतं."

"आणि उंदीर?"

"उंदीर ऐन वेळी सुचला."

मला इतकं हसू आलं की बांधावरच बसले. मला पाप पाप म्हणून झोप नाही, आणि हा चोर माझी वेल पळवून बसलाय! "कुमसाराला सांगितलंस हे?"

"सांगितलं."

"फादर काय म्हणाले?"

"म्हणाले, मला काय सांगतोस, तिला सांग की." तो माझ्या शेजारी बसला, मध्ये हातभर जागा सोडून. "सोनिया, नावं पंधरा गावांत लागलीच हायत. आता चर्चमध्येबी तीन रविवार वाचू देत का?"

"आधी पप्पांना विचार. आणि सगळं खरं सांग. वेलीचंबी."

त्यानं सांगितलं. पप्पा म्हणाले, "वेल ओढलीस ती ओढलीस, राखलीस तर न्हवं!"

मॅडमनी कोनफळाचा शेंडा पुन्हा लावायला परत पाठवला होता. मेच्या तिसऱ्या रविवारी आमची नावं शेवटची वाचून झाली. कुणाची हरकत नव्हती. तशीच मिस्साची साडी खोचून मी बांधावर गेले. या खेपेला खड्डा बरोबर मधोमध खणला, त्यानं तिकडून, मी इकडून. मातीत पुन्हा माझं बोट धरलं गेलं.

"पुढच्या मेळ्यात अर्ज दोघांच्या नावानं," तो पलीकडून म्हणाला.

"वर नाव माझं. लावलं मी."

"आणि ओढलं मी. तेबी लिव."

"लिवते," मी म्हटलं, आणि हात काढून घेतला नाही.