पेटीवर बसलेले साहेब

साहेब, बोटीची तपासणी करायला तुम्ही आलात, डेकवरच्या पेटीवर बसून तळलेला मासा खाल्लात, "सगळं ठीक!" म्हणालात आणि गेलात. बुडाखालचं झाकण काही उचललं नाहीत. आता पुढचं ऐका.

आठवड्याने कॅरियाकू बेटावरची शाळेची पोरं सुट्टीतल्या सहलीला, राजधानी सेंट जॉर्जेसला निघाली. बोट अजून धक्क्यालाच बांधलेली, पण तिच्यावर नुसता गलका!

"मी शहरातल्या बोगद्यात शिरल्या शिरल्या किंचाळणार!" डेक्सन म्हणाला.

"बोगद्याबाहेर तरी वेगळं काय करतोस?" आयान्थी म्हणाली. "आधी जायफळाचं आइस्क्रीम!"

तिची सहा वर्षांची बहीण पर्लीन तिच्या हाताला लटकली होती. "ताई, मला पोहता येत नाही गं."

"मग तरंगायचं जाकीट घालू की!"

तुम्ही बसलात त्याच, जाकिटांच्या पेटीवर कॅप्टन ऑगस्टिन ऐसपैस बसले होते. "जाकीट कशाला? समुद्र बघ, चटईसारखा पडलाय!"

आयान्थीने डेक्सनला कोपर मारलं.

"काका, मागची दोरी सुटली!" तो ओरडला.

कॅप्टन धावले. आयान्थीने झाकण उचललं. आत बिअरचे खोके! जाकीट एकही नाही!

"पकडलं काकांना!" डेक्सन नाचायलाच लागला.

आयान्थीचं तोंड मात्र उतरलं. तुम्ही यायच्या कितीतरी आधी, ईस्टरला, धक्क्यामागच्या कचऱ्यात दोघांना नारिंगी जाकिटांचा ढीग सापडला होता. मासे कापायच्या सुरीने ती फाडून त्यांनी आतल्या फोमच्या छोट्या होड्या कोरल्या, शर्यतही जिंकली. जाकिटांवर याच बोटीचं नाव होतं. तिने ते वाचलं होतं. वाचून फाडलं होतं.

"गप्प बस हं," डेक्सन कुजबुजला. "सहल जाईल. बोगदा जाईल!"

"आणि पर्लीन गेली तर?"

शहरात मिरवायला आणलेली होडी तिने पिशवीतून काढली आणि शाळेच्या शिक्षिका मिस व्हर्लिन यांच्या हातात ठेवली. "मिस, ही बोटीच्या जाकिटांची आहे. आम्ही फाडली ती. पेटीत एकही उरलेलं नाही, नुसते बिअरचे खोके."

"बघा, बघा!" कॅप्टन परत येत गरजले. "चोर सापडले!"

"फाडली यांनी," मिस म्हणाल्या. "पण कचऱ्यात कोणी टाकली, ऑगस्टिन? बिअरला जागा हवी म्हणून?"

मिसनी सगळ्या पोरांना खाली उतरवलं. सहल रद्द! लहान पोरं रडली, मोठी पोरं आयान्थीकडे रागाने बघत राहिली.

निरोप द्यायला धक्क्यावर आलेले डेक्सनचे आजोबा पुढे आले. "शाबास, पोरी! आज तू सगळ्यांचा जीव वाचवलास."

"शाबास नका म्हणू, आजोबा. मी नाव वाचलं होतं."

बारा वर्षांच्या पोरीने चारचौघांत कबुली दिली, साहेब. पर्लीन अजून धक्क्यावर बसून आहे. तिला सांगा, तुम्ही झाकण का उचललं नाहीत?