उत्तमसिंगचं विमान आणि माझा एक प्रश्न

दारव्ह्याला रहमतचाचांच्या रेडिओ दुकानात मी तांड्याच्या रेडिओची बॅटरी न्यायला गेले, तर टेबलावर चक्क एक विमान बसलेलं! पातळ लाकडी काड्या, वर ताणून चिकटवलेला कागद, नाकावर पंखा. आणि त्यामागे वाकलेला एक मुलगा... केस कपाळावर, ओठांत स्क्रू.

चाचांनी सांगितलं, हा उत्तमसिंग, यवतमाळला कॉलेजात असतो, तुमच्याच गोरमाटींतला, म्हणजे बंजाराच. आडनाव सांगितलं नाही, आणि मला नेमकं तेच हवं झालं. आमच्यात राठोडाची मुलगी राठोडाच्या घरी देत नाहीत. राठोड म्हणजे भाऊच. मी राठोड. हाही राठोड निघाला तर ते केस बघणंसुद्धा बंद! पण विचारू कशी? पोरीनं पोराला आडनाव विचारलं की आमचा तांडा काय समजायचं ते समजतो.

म्हणून मी विमानाबद्दल विचारलं. खूप विचारलं.

तो खुशीत सांगत सुटला. हातातली पेटी तारेवाचून हुकूम पाठवते, विमानातली डबी तो ऐकते. दोन्ही त्यानं नागपूरहून जुन्याच आणल्या होत्या, पण वेगवेगळ्या संचांतल्या. चाचांनी डबीतला स्क्रू हलकेच फिरवत त्यांचा सूर जुळवला होता. बटण दाबलं की चुंबक खटकतो आणि शेपूट डावीकडे वळते. सोडून पुन्हा दाबलं की उजवीकडे. राहिली होती बॅटरी. त्यानं निवडली होती ती आमच्या रेडिओला लागते तसली, विटेएवढी.

"हे घेऊन उडन का बसन?" मी विचारलं.

"ताकद पायजे ना."

"कायले? डबीले लागते किती, ते पाह्य ना. आमचा रेडिओ फळीवर बसून राह्यते, त्याले कुठं उडाचं हाय?"

चाचा हसले. डबीला आणि चुंबकाला टॉर्चचे बारके सेल पुरत होते. त्यानं ते बसवले, विमान हातावर तोललं आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी उगाच वेणी पुढे घेतली.

मग चाचणी. कापूस बाजाराच्या मोकळ्या मैदानात विमान माझ्या मांडीवर ठेवून तो पेटी घेऊन लांब जाणार, बटण दाबणार, शेपूट वळली की मी हात वर करायचा. तो माझ्याकडे तोंड करून मागे मागे सरत गेला. खट्... माझा हात वर. खट्... हात वर. जिनिंग कारखान्याच्या भिंतीपाशी तो अंगठ्याएवढा दिसू लागला. इतक्या लांबून कसली लाज? मी ओरडले, "तुयं आडनाव काय?"

त्यानं कानाला हात लावला. मग अख्खं मैदान धावत आला.

"काय म्हनलं? शेपूट अडकली काय?"

आता माघार नव्हती. "आडनाव विचारलं," मी म्हटलं. "मायं राठोड हाय."

"मले ठाऊक हाय." त्याचे कान लाल झाले. "तू तिकडं बॅटरी पारखून राह्यली होती, तवाच मी चाचाले हळूच विचारलं... मी पवार."

मी त्याच्या हातातली पेटीच घेतली. म्हटलं, आता तू बस, मी जाते.

तो विमान मांडीवर घेऊन बसला. मी फार लांब गेलेच नाही. बटण दाबलं. त्यानं लगेच हात वर केला — शेपटीकडे न बघताच.