डोळे उघडा

ही गोष्ट खरी आहे. शपथ घ्यायला लावू नका, कारण जिच्या घरात हे घडलं त्या संयोगिताची मी सख्खी मावसबहीण आहे, आणि तो फोन मी स्वतः हातात धरलाय.

आणि हो, यात अमावस्या नाही. मध्यरात्र नाही. पिंपळ तर अजिबात नाही.

जे झालं ते भर दुपारी झालं. कसबा बावड्यात, दोन खोल्यांच्या घरात, बाहेर शेजारीण पापड वाळत घालत असताना.

संयोगिताचे पप्पा, म्हणजे आमचे केरबाकाका, शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत मोल्डिंगला होते. सव्वीस वर्षं. ओतकामाच्या वाळूत हात घालून घालून त्यांच्या बोटांच्या रेषाच पुसल्या होत्या. रेशन दुकानातलं मशीन त्यांचा अंगठा कधी घ्यायचं नाही. मागचे लोक ओरडायचे, काका तोंडातल्या तोंडात शिव्या घालायचे.

मागच्या दिवाळीत त्यांनी नवा फोन घेतला. संयोगिता अकरावीला, घरातली इंजिनियर तीच. तिनं त्यांचा अंगठा लावायला घेतला. एकदा, दहादा, वीसदा. खोबरेल तेल लावून. गरम पाण्यात हात बुडवून. फोन ढिम्म.

शेवटी तिनं फेस लॉक लावला. पिन त्यांनी स्वतः टाकला, तोही पाठ फिरवून. ती म्हणाली, मला सांगून ठेवा. तर म्हणाले, "तुला कशाला? तू काय माझी साहेब हायस?"

झालं. आता नवंच नाटक. काका कामावरून यायचे ते काळ्या वाळूनं माखलेले. फोन तोंडापुढं धरला की मराठीत लिहून यायचं, 'चेहरा ओळखता आला नाही'. मग मोरीत जायचं, तोंड धुवायचं, परत यायचं. "फोन उघडायला आंघोळ करायला लागतीया," म्हणायचे. तिसरी पाळी करून आलेले असले की पापण्या मिटत असायच्या, मग फोन म्हणायचा, 'डोळे उघडा'.

"बारा तास भट्टीपुढं उघडंच हुतं की," काका फोनला सांगायचे.

आम्ही खूप हसायचो.

...

१४ फेब्रुवारी. शनिवार. काका तिसरी पाळी करून साडेसातला आले. तोंड धुतलं, चहा प्यायले. खिडकीजवळच्या लोखंडी कॉटवर आडवे झाले.

साडेदहाला वर्षामावशी, म्हणजे त्यांची बायको, उठवायला गेली.

ते उठले नाहीत.

डॉक्टर येऊन गेले. गल्ली जमली. आणि मावशी एकच वाक्य धरून बसली, सम्राट येईस्तोवर उचलायचं न्हाय.

सम्राट म्हणजे संयोगिताचा मोठा भाऊ. दोन वर्षांपूर्वी त्यानं कॉलेज सोडलं, काकांनी भर गल्लीत त्याच्या कानाखाली मारली, आणि तो जो गेला तो गेलाच. नंबर बदलला. दोन वर्षं मावशीनं त्याचा आवाज ऐकला नव्हता. त्याच्या मित्रांनाही त्याचा पत्ता माहीत नव्हता.

तेव्हा काकांबरोबर काम करणारे गुंडूकाका दारात येऊन उभे राहिले, आणि अगदी सहज बोलून गेले, "केरबाकडं हाय की नंबर. रोज पोराच्या जेवणाच्या सुट्टीत बोलायचा त्याच्याशी, रातपाळी असली तर घरातनं भाईर पडून. सव्वा बाराला."

रोज.

आणि घरात येऊन एक शब्द नाही. मावशी देवापुढं सुपाऱ्या ठेवत बसली होती आणि हा माणूस रोज सव्वा बाराला पोराशी बोलत होता. मावशी रडायची थांबली. कॉटकडं नुसतं बघत राहिली. तिला राग आला होता, आणि ज्याच्यावर काढायचा तो झोपून राहिला होता.

भावकीतल्या मोठ्या माणसांनी ठरवलं, तीनपर्यंत थांबू. पोरगा आला तर अग्नी तो देईल, नाहीतर त्याचा चुलतभाऊ देईल.

नंबर फोनात. फोन लॉक. पिन कुणाला माहीत नाही.

संयोगितानं सिम काढून मावशीच्या फोनात घालून बघितलं. सिमवर एकही नंबर नव्हता, म्हणून परत जागेवर घातलं. पिन म्हणून सम्राटची जन्मतारीख टाकली, स्वतःची टाकली, गाडीचा नंबर टाकला. प्रत्येक वेळी चूक. तिला फोन भिंतीवर मारावासा वाटत होता.

मग माणसं पुढच्या तयारीला बाहेर गेली. बायका मावशीला घेऊन स्वयंपाकघरात. काका अजून कॉटवरच होते, खाली घ्यायचे होते.

दोन मिनिटं खोलीत ती एकटी होती.

तिनं फोन त्यांच्या चेहऱ्यापुढं धरला.

'डोळे उघडा.'

ती मला म्हणाली, "अंगठा लागला असता ना, तर मला नुसता त्यांचा हात धरायला लागला असता गं."

पण अंगठा लागला नव्हता.

तिनं डाव्या हाताच्या दोन बोटांनी पप्पांच्या पापण्या वर केल्या.

टक्.

फोन उघडला.

आणि त्याच क्षणी दारातून माणसं आत आली. ती दचकली, फोन हातातून निसटून फरशीवर पडला, स्क्रीन विझली. तिनं चादर ओढून त्यांच्या तोंडावर घेतली आणि बाजूला झाली.

फोन परत लॉक. नंबर बघायचा राहिलाच.

आणि पापण्या...?

तिला आठवत नव्हतं. मिटल्या असतील. सोडल्या की आपोआप मिटत असतील.

नाही मिटल्या.

आंघोळ घालताना शेजारच्या अंबूबाईनं हात फिरवून बघितला, तुळशीचं पाणी लावून बघितलं. डोळे अर्धे उघडेच. अंबूबाई म्हणाली, पोराची वाट बघाय लागलाय. सगळ्या बायका हुंदके देऊन रडल्या.

संयोगितानं कुणालाच खरं सांगितलं नाही.

तीन वाजता चुलतभावानं मडकं धरलं.

...

रक्षाविसर्जन झालं. सम्राटला पत्ताच नाही. निदान बाराव्याला तरी पोरगं यावं, एवढंच मावशीचं मागणं.

आणि तो फोन. मोबाईल दुकानवाला म्हणाला, रीसेट मारतो, पण आतलं सगळं जाईल. एकदा का बंद पडला तर पिनशिवाय उघडणारच नाही, हेही म्हणाला. म्हणून मावशीनं तो चार्जरवरच ठेवला. खिडकीत. कॉटच्या उशाशी.

चौथ्या दिवशी संयोगिता स्वयंपाकघरात होती. बाहेरच्या खोलीत कुणी नव्हतं.

टक्.

ती धावत गेली. स्क्रीन उजळलेली... आणि तिच्या डोळ्यांसमोर विझली. तिला वाटलं, कंपनीचा मेसेज असेल.

पाचव्या दिवशी पुन्हा. टक्.

सहाव्या दिवशी तिनं घड्याळात बघितलं.

सव्वा बारा.

सातव्या दिवशी ती खोलीत दबा धरून बसली. सव्वा बारा झाले, साडेबारा झाले. काहीच नाही. ती मोरीत हात धुवायला उठली...

टक्.

आता तिला भीती वाटायच्या ऐवजी संताप यायला लागला होता. हा काय छळ? उघडायचं तर तोंडावर उघड की. तिनं हार घातलेल्या फोटोपुढं फोन धरला, 'चेहरा ओळखता आला नाही'. मावशीच्या पुढं धरला. चुलत्यांच्या पुढं धरला. स्वतः केस मागं बांधून, कपाळावर आठ्या घालून, काकांसारखं तोंड करून बघितलं.

ओळखता आला नाही. ओळखता आला नाही. ओळखता आला नाही.

नवव्या दिवशी तिनं तो फोन कॉटवर फेकला.

अगदी जोरात. "मरू दे तिकडं," म्हणाली.

फोन खिडकीखालच्या भिंतीला टेकून उभा राहिला. स्क्रीन रिकाम्या उशीकडं.

तिथं कुणीच नव्हतं. धुतलेली चादर आणि खिडकीतनं आलेलं ऊन.

टक्.

उघडा राहिला.

या वेळी ती दचकली नाही. झडप घालून उचलला, बोट स्क्रीनवरून काढलंच नाही. केलेले कॉल बघितले. रोज सव्वा बारा, रोज एकच नाव. 'वाळू सप्लायर'.

तिनं कॉल लावला.

पलीकडं आधी नुसता मशीनचा आवाज आला. मग एक ओळखीचा गळा, चिडलेला.

"पप्पा? नऊ दिवस कुठं हुतासा?"

सम्राट बेळगावात होता. फौंड्रीत. मोल्डिंगलाच.

बेळगाव. दोन तासांवर. त्या दिवशी अकराला फोन लागला असता तर तीनच्या आत तो दारात उभा असता. मावशीनं हे ऐकलं आणि फरशीवर हात आपटत बसली. "दोन तासावर हुतं गं पोरगं. ह्या माणसानं मला दोन वर्षं सांगितलं न्हाय." बेळगावचं नाव काढलं तरी अजून तिचा तोल जातो.

...

संध्याकाळी पाचला सम्राट आला. त्यानंच काकांना शपथ घातली होती, आईला सांगू नका, काहीतरी करून दाखवल्यावरच घरी येईन. फोन आई उचलेल म्हणून तो स्वतःहून कधी लावायचा नाही. रडून झालं, जेवण झालं, मग त्यानं विचारलं, फोन उघडला कसा?

तिनं सांगितलं. तो हसला. म्हणाला, तुझाच चेहरा घेतला असंल, नातं हाय, सारखं दिसतंय, हे स्वस्तातलं फोन असंच फसतात.

तिनं फोन त्याच्या हातात दिला. बघ म्हणाली.

त्याच्या तोंडापुढं धरला. सम्राट म्हणजे काकांची झेरॉक्स. 'चेहरा ओळखता आला नाही'.

तिच्यापुढं. नाही.

भिंतीकडं केला. 'चेहरा दिसत नाही'. बरोबरच आहे, भिंतीला कुठला चेहरा?

मग त्यानं तो कॉटकडं वळवला. उशीच्या वर, वीतभर अंतरावर.

टक्.

सम्राटनं बंद केला. पुन्हा धरला.

टक्.

पुन्हा.

टक्.

त्यानं फोन छातीशी पालथा धरला. बाहेर अंबूबाईचा टीव्ही चालू होता.

आणि मग संयोगितानं तोंड उघडलं. नऊ दिवस पोटात ठेवलेलं सगळं सांगून टाकलं. दोन बोटं, पापण्या, चादर.

"मी मिटलं न्हाईत गं आई. मी उघडलं आणि तसंच सोडलं."

मावशी आता मारणार, असं तिला वाटलं. मावशी उठलीच होती तशी.

पण ती कॉटच्या काठावर जाऊन बसली. डॉक्टर येण्याआधी बसली होती, अगदी तिथंच. उशीच्या वर हवेत तिनं हात नेला, जणू तिथं कपाळ आहे. आणि तळवा अगदी सावकाश खाली आणला. कपाळावरून, डोळ्यांवरून, गालापर्यंत.

"आलंय पोरगं," ती म्हणाली. "झोपा आता. लई दिवस जागं हाईसा."

मग सम्राटकडं न बघता म्हणाली, "धर परत."

त्यानं फोन धरला.

टक् झालं नाही.

सगळ्यांनी श्वास सोडला. संयोगिता म्हणते, तेव्हा तिला पहिल्यांदा मोकळं रडू आलं. संपलं. गेले पप्पा. शांत झाले.

तिनं डोळे पुसत स्क्रीनकडं बघितलं. आता तिथं भिंतीसारखं 'चेहरा दिसत नाही' असायला हवं होतं.

तसं नव्हतं.

तिथं लिहिलं होतं...

'डोळे उघडा.'

...

त्यानंतर कुणीही तो फोन कॉटकडं धरलेला नाही. सम्राट आता इथंच राहतो, पण खाली अंथरूण टाकून झोपतो. कॉट रिकामी आहे. मावशी रोज तिची चादर झटकते, उशी मात्र हलवत नाही. संयोगिताच्या स्वतःच्या फोनला फक्त अंगठा आहे. फेस लॉकचं नाव काढलं तरी उठून जाते.

मागच्या रविवारी मी गेले होते. तुम्हाला माहितेय मी कशी आहे, मला राहवेना. कपाटातनं फोन काढला, चार्जर अजून लावतात त्याला, आणि म्हटलं, एकदाच बघू या ना गं, एकदाच.

तिनं माझ्या हातातनं तो काढून घेतला, पालथा ठेवला.

मी विचारलं, कशाला घाबरतेस, परत उघडेल म्हणून?

ती म्हणाली, "त्याला न्हाय. 'चेहरा दिसत नाही' असं आलं तर?"

घड्याळात सव्वा बाराला पाच कमी होते. मी चप्पल घातली आणि निघून आले.